‘कसंतरीच होतंय’ला इंग्रजीत काय म्हणतात? : परिचर्या शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या परिचर्या शिक्षणाचे आणि कौशल्य प्रशिक्षणाचे निर्णय ज्यांच्या हाती आहेत ते सर्व मान्यवर

सविनय नमस्कार.

मी परळला राहते. मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांत ३७ वर्षे नोकरी केली. त्यातली पहिली २१ वर्षे वॉर्डात, पुढची १६ सिस्टर ट्यूटर, म्हणजे परिचर्या शिकवणारी शिक्षिका म्हणून. २०२१ मध्ये निवृत्त झाले. २०१४ पासून मी एका नर्सिंग स्कूलमध्ये दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी चार ते साडेपाच एक वर्ग घेत होते. वॉर्डात लागणारे इंग्रजी शिकवायचा वर्ग. निवृत्तीनंतरही तो चालू ठेवला, एक रुपया न घेता. सकाळची ड्युटी सुटली की मुली डबा खाऊन तशाच यायच्या, काही युनिफॉर्मवर. नालासोपारा, डोंबिवली, पनवेल इतक्या लांबून येणाऱ्या मुली होत्या, आणि साडेपाचच्या गर्दीत लोकल पकडायची हे माहीत असूनही त्या थांबायच्या.

या जूनमध्ये हा वर्ग बंद करण्यात आला. सांगितलेले कारण एवढेच की हा विषय अभ्यासक्रमाबाहेरचा आहे आणि निवृत्त व्यक्तीला आवारात वर्ग घेऊ देता येत नाही. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांशी माझे भांडण नाही, त्यांनी वरून आलेला नियम वाचला आणि पाळला. माझे गाऱ्हाणे आहे ते परिचारिकेला भाषा शिकवणे हे जादाचे काम समजणाऱ्या विचाराबद्दल, आणि तो विचार तुमच्या पातळीवर बदलू शकतो. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि सगळ्यांनी वाचावे म्हणून उघड.

आधी माझी गोष्ट सांगते, कारण माझा जीव यात का अडकला आहे ते त्याशिवाय कळणार नाही.

चिपळूणजवळच्या एका वाडीतून १९८१ मध्ये मी ट्रेनिंगला मुंबईत आले. दहावीपर्यंत मराठी शाळा. शरीरशास्त्राचे शब्द आम्ही घोकून पाठ केले. ‘स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड’ मला एका दमात म्हणता यायचे. पण राउंडला डॉक्टरांनी इंग्रजीत विचारले, की रात्री पेशंट कसा होता, की तोंडाला कुलूप. एकदा एका पेशंटच्या उशाशी मी रात्रभर होते. त्याला दोनदा उलटी झाली ती मीच काढली. पहाटे त्याचे पोट कडक लागत होते ते माझ्या हाताला कळले होते. आणि हे सांगायला माझ्यापाशी वाक्य नव्हते. मी म्हणाले, ‘फेअर, सर.’ राउंड पुढे गेला. दुपारी त्याला घाईघाईने ऑपरेशनला न्यावे लागले. तो वाचला. पण ते ‘फेअर, सर’ माझ्या मनातून चाळीस वर्षांत गेलेले नाही.

त्याच वॉर्डात कोट्टायमहून आलेली एक स्टाफ नर्स होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. आम्ही सगळ्या तिला चेची, म्हणजे मल्याळममध्ये ताई, म्हणायचो. तिची अडचण माझ्या उलटी. इंग्रजी फाडफाड, मराठी जेमतेम. आणि वॉर्ड गिरणगावातला. १९८२ च्या संपाचे दिवस, पेशंट म्हणजे गिरणी कामगार आणि त्यांच्या घरचे. कुणी म्हणायचा छातीत चमक मारते, कुणी म्हणायचा धाप लागते, कुणाच्या पोटात कळ यायची. चेचीला सगळे दुखणे ‘पेन’ एवढेच कळायचे, आणि तेवढ्याने भागत नाही हे तिला पहिल्या आठवड्यात उमजले. तिने खिशात मावेल अशी एक वही केली. मल्याळम लिपीत मराठी शब्द, आणि पुढे तो शब्द लोक कुठल्या दुखण्याला वापरतात ते. ठणका फोडाला आणि दाढेला. कळ पोटात, नाहीतर बाळंतपणात. चमक पाठीत किंवा बरगडीत. आग लघवीला. मुरडा, ठुसठुस, रग, मुंग्या. ‘कसंतरीच होतंय’ या शब्दांपुढे तिने लाल पेनाने लिहिले होते: धावत जा, आधी नाडी बघ, मग बीपी.

ही वही आम्ही दोघींनी भरली. मी तिला मराठी दिले, तिने मला इंग्रजी. रात्रपाळीत दोनच्या सुमाराला वॉर्ड जरा शांत झाला की ती मला ‘ओव्हर’ द्यायला, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची हकीकत सांगायला, लावायची. पेशंट कोण, काय झाले, आधीचा इतिहास काय, आत्ता मला काय दिसते, मला तुमच्याकडून काय हवे आहे. पुढे कितीतरी वर्षांनी मी ‘एसबार’ हा शब्द ऐकला. जगभरच्या रुग्णालयांत परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि शिफारस या क्रमाने ओव्हर द्यायला शिकवतात, आणि ही पद्धत अमेरिकी नौदलातून आरोग्यसेवेत आली. चेचीला ते नाव ठाऊक नव्हते, पण क्रम तोच होता. मला इंग्रजी आले ते असे. पेशंटच्या खाटेपाशी, जिला ते काम येत होते तिच्याकडून. माझा वर्ग दुसरे काहीच नव्हता. चेचीने मला जे दिले ते मी पुढे देत होते.

आता आजच्या मुलींचे सांगते. साताऱ्याकडची माझी एक विद्यार्थिनी २०१९ मध्ये उत्तर इंग्लंडातल्या एका रुग्णालयात लागली. पहिल्याच महिन्यात एका रात्री तिचा फोन आला. वॉर्डातल्या एक आजी तिला म्हणाल्या होत्या, ‘आय हॅव कम ओव्हर ऑल फनी, लव्ह.’ फनी म्हणजे गमतीचे, एवढे हिला ठाऊक. आजी काहीतरी मजेत बोलताहेत असे वाटून ही हसली आणि पुढच्या खाटेकडे वळली. परत वळून बघते तो आजी पांढऱ्याफटक. बीपी उतरले होते. शेजारच्या सिस्टरने धरले म्हणून त्या खाली पडल्या नाहीत. ‘मॅडम, ते आपलं कसंतरीच होतंय होतं,’ असे म्हणून ती रडायला लागली. तिला परदेशी नोकरीसाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत बी ग्रेड होता. तिचे व्याकरण माझ्यापेक्षा चांगले आहे. पुढच्या मंगळवारी मी ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि त्या खाली चेचीचे लाल पेनातले शब्द.

अशी शेकडो वाक्ये आहेत. पेशंट ‘वॉटरवर्क्स’ म्हणतो तेव्हा तो नळाबद्दल बोलत नसतो, लघवीची तक्रार सांगत असतो. आपण ‘पेशंट एक्सपायर झाला’ म्हणतो आणि इथे ते सभ्य मानतो. तिकडे एक्सपायर होतात औषधे आणि कार्डे. ज्याचे वडील आत्ताच गेले त्या माणसापुढे तो शब्द गेला तर तो जन्मभर विसरणार नाही. फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत गल्लत झाली तर औषधाचा डोस बदलतो. म्हणून मी मुलींना ‘वन फाइव्ह’ आणि ‘फाइव्ह झीरो’ असे आकडे सुटे करून म्हणायला आणि ऐकलेले परत म्हणून दाखवायला लावायचे. त्यासाठी दोघींना पाठीला पाठ लावून बसवायचे, म्हणजे ओठ दिसू नयेत. तोंड दिसत नसताना समजून घेणे सगळ्यात अवघड असते, आणि फोन तर वॉर्डात दिवसभर वाजतो.

आणखी एक गोष्ट, जी मला शिकवता शिकवता कळली. आपण पेशंटला म्हणतो, ‘बसा’, ‘तोंड उघडा’, ‘कुशीवर वळा’. मराठीत आदर त्या शेवटच्या ‘आ’मध्ये आहे. पेशंटला मान मिळतो आणि काम होते. हेच शब्दाला शब्द इंग्रजीत नेले की ‘सिट, ओपन माउथ, टर्न’ असा हुकूम होतो. मुलगी मनाने नम्र असते आणि ऐकणाऱ्याला ती उद्धट वाटते. तिच्यावर तक्रार जाते आणि तक्रार कशाबद्दल आहे हेच तिला समजत नाही. इंग्रजीत आदर ‘कुड यू’ आणि ‘वुड यू माइंड’मध्ये ठेवलेला असतो, हे कुणीतरी सांगावे लागते. जिला दोन्ही भाषांतला वॉर्ड माहीत आहे तीच हे सांगू शकते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली अगदी जवळची. वर्ग बंद करताना कुणीही वर्गात येऊन बसले नाही. त्या वेळी १९ मुली होत्या. सहा जणींच्या इंग्रजीच्या परीक्षेच्या तारखा लागलेल्या होत्या. फी भरलेली, परत न मिळणारी. त्यांचे काय करायचे हा प्रश्न त्या एका कागदात नव्हता. महिनाभराची मुदतसुद्धा दिली नाही.

दुसरी तक्रार अभ्यासक्रमाची आहे आणि ती सगळ्यात मोठी. भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात संवादात्मक इंग्रजीला पहिल्या सत्रात ४० तास दिले आहेत. कागदावरचा हेतू चांगला आहे. पण पहिल्या सत्रात मुलगी वॉर्डात धड उभी राहिलेली नसते. पेशंट तिला काय सांगणार आहे, डॉक्टर काय विचारणार आहेत, नातेवाईक कशावरून चिडणार आहेत, यातले काहीच तिला ठाऊक नसताना तिला संवाद शिकवायचा. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी शिकवायला येतात ते बाहेरचे शिक्षक. मनापासून शिकवतात, पण त्यांनी ओव्हर कधी ऐकलेली नसते. मग काळ, कर्तरी-कर्मणी, मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज. तास संपतात. त्यानंतरच्या सात सत्रांत, जेव्हा ती खरोखर वॉर्डात असते, तेव्हा भाषेचा एकही तास नाही. नेमके जिथे हवे तिथे नाही.

याचा परिणाम आपल्या रिपोर्ट बुकात बघा. कुठल्याही रुग्णालयातले उघडा. ‘जनरल कंडिशन फेअर, व्हायटल्स स्टेबल, ऑल केअर गिव्हन.’ पानामागून पान हेच. मी ‘फेअर, सर’ म्हणाले होते ना, ते आजही तसेच चालू आहे, फक्त आता ते लिहिले जाते. हे परदेशी जाणाऱ्यांपुरते नाही. मुंबईत राहणाऱ्या परिचारिकेलाही मशीनचे मॅन्युअल, औषधाचे पत्रक, दुसऱ्या राज्यातून आलेला निवासी डॉक्टर आणि बदलीचा कागद सगळे इंग्रजीतच भेटते.

ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, मुली जिला ओईटी म्हणतात, ती परीक्षा जरा बघा. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती बाहेरून आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी तयार झाली. आज १२ आरोग्य व्यवसायांसाठी ती घेतली जाते. लेखनात परिचारिकेला केसची टिपणे देतात आणि ४५ मिनिटांत पत्र लिहायला सांगतात, साधारण १८० ते २०० शब्दांचे. पेशंट घरी जातो आहे, पुढची काळजी घेणाऱ्या नर्सला काय सांगाल? टिपणांत भरपूर असते, त्यातले काय सांगायचे आणि काय गाळायचे हेच तपासतात. बोलण्याच्या भागात दोन प्रसंग देतात. समोरचा माणूस पेशंट होतो किंवा नातेवाईक, आणि तुम्ही त्याचे ऐकून घेता का, त्याची भीती ओळखता का, याला गुण असतात. परिचारिकांची नोंदणी करणारी ब्रिटनची नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल २०१७ पासून ही परीक्षा मान्य करते. मी परीक्षेची वकिली करत नाही. पण परीक्षा घेणाऱ्यांना जे कळले, की परिचारिकेचे इंग्रजी हे परिचारिकेच्या कामातच मोजावे लागते, ते आपल्याला शिकवताना का कळू नये?

तिसरी तक्रार लिहिताना मला राग येतो, तो आवरून लिहिते. ‘मराठी माध्यमाच्या मुली इंग्रजीत कच्च्या.’ हे वाक्य मी बैठकांत, तोंडी परीक्षांत, मुलाखतींत इतक्यांदा ऐकले आहे की मोजणे सोडून दिले. माझ्या वर्गात जव्हारची एक मुलगी होती. पेशंटच्या श्वासाचा आवाज ऐकून ती न्यूमोनिया ओळखायची, एक्स-रे यायच्या आधी. इंग्रजी बोलायला उभी राहिली की घामाने भिजायची. ओईटीत बोलण्याला ३५० गुण लागतात. तिला पहिल्यांदा ३४० मिळाले, दुसऱ्यांदा पुन्हा ३४०. दर वेळची फी तिच्या खासगी रुग्णालयातल्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. तिसऱ्यांदा तिने फॉर्म भरला नाही. गावी परत गेली. आई-वडिलांना सांगितले, मला इंग्रजी येत नाही. तिला इंग्रजी येत होते. तिला दहा गुणांपुरता सराव मिळाला नव्हता. कच्चे काही असेल तर ती आपली शिकवण्याची सोय.

चौथी तक्रार पैशाची. सरकारी व्यवस्थेने ही जागा मोकळी सोडली की तिथे दुकाने उभी राहतात. दादरपासून वसईपर्यंत स्टेशनबाहेरच्या भिंती बघा. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या परवानाधारक एजंटाने उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ नये असा केंद्राचा नियम आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने त्याच्या कितीतरी पट भरले. पावतीवर सेवाशुल्क नव्हते, ‘भाषा प्रशिक्षण’ होते. प्रशिक्षण म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स आणि पाठ करायची तयार पत्रे. नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतले, ते परत मिळवायला तिला चार महिने लागले. वडिलांनी जमिनीचा तुकडा गहाण टाकला होता. त्या एजंटचे नाव मी इथे घेत नाही, कारण मुलीला आणखी त्रास नको. पण भाषेच्या नावाने होणारी वसुली नियमातून निसटते, हे तुम्ही बघायला हवे.

पाचवी गोष्ट तुलनेची आहे. २०२४ मध्ये राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. १० हजार कुशल तरुण-तरुणींना तिकडे पाठवायचे ठरले, त्यांत परिचारिकाही आहेत, आणि जर्मन शिकवण्याचा खर्च राज्य करणार असे सांगितले गेले. मला याचा आनंद आहे. म्हणजे परदेशी काम करायला जाणाऱ्याची भाषा ही सरकारची जबाबदारी आहे, हे तत्त्व तुम्ही मान्य केलेले आहे. मग तेच तत्त्व इंग्रजीला का लागू नाही? ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या मुली कुणाच्या नाहीत का? केरळात नॉर्का रूट्स या सरकारी संस्थेने तिरुवनंतपुरमला परदेशी भाषांची स्वतःची संस्था काढली. तिथे ओईटी आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांची तयारी करून घेतात आणि जर्मन शिकवतात. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना मोफत. चेचीच्या राज्याला हे जमते. आपल्याला न जमण्याचे कारण मला तरी सापडत नाही.

आणि गेल्यावर? विमानात बसली की आपल्या दृष्टीने ती मुलगी संपली. ब्रिटनमध्ये तिला ऑस्की ही दहा टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. तिच्यात हाताने काम करता करता तोंडाने सांगावे लागते, की मी आता काय करते आहे आणि का. आपल्याकडे काम गप्प राहून करायची सवय, जी चांगली समजली जाते. ब्रिटनच्या कौन्सिलने फेब्रुवारी २०२३ पासून एक सोय केली आहे. ज्यांचे गुण अगदी थोडक्यात हुकले, किंवा ज्यांचे नर्सिंगचे शिक्षण इंग्रजीतून झाले, अशांनी तिथल्या आरोग्यसेवेत वर्षभर काम केले असेल तर मालकाकडून त्यांच्या इंग्रजीबद्दलची माहिती पुरावा म्हणून घेतली जाते. कामात भाषा येते, हे त्यांनी मान्य केले. ही सोय आपल्या किती मुलींना ठाऊक आहे? माझ्या वर्गात मी सांगेपर्यंत एकीलाही नव्हती.

मला कुणी म्हणेल, सिस्टर, इथेच वॉर्डात ५० पेशंटमागे दोन नर्स असतात, आणि तुम्ही मुलींना बाहेर जायला शिकवता? हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. मी स्वतः तशा रात्री काढल्या आहेत. पण रिकामी पदे भरली न जाण्याचे कारण मुलींचे इंग्रजी नाही. पदे मंजूर करून भरणे हे तुमचे काम आहे आणि त्यासाठी मी वेगळे पत्र लिहायला तयार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातल्या दर सात परिचारिकांपैकी एक दुसऱ्या देशात जन्मलेली आहे. जाणाऱ्या जाणारच. प्रश्न एवढाच, की त्या कर्ज डोक्यावर घेऊन, घाबरलेल्या, एजंटच्या भरवशावर जाणार की नीट शिकून जाणार. आणि ज्या जाणार नाहीत त्यांना हेच शिक्षण इथल्या पेशंटसाठी उपयोगी पडणार. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुली आजही मुंबईतच आहेत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

नर्सिंगच्या विद्यार्थिनी ज्या सत्रांत प्रत्यक्ष वॉर्डात असतात त्या प्रत्येक सत्रात कामातल्या इंग्रजीचे ठरावीक तास ठेवा. आठवड्याला दोन तास पुरे. अभ्यासक्रम केंद्रातून ठरतो हे मला माहीत आहे, पण राज्याने आपल्या संस्थांमध्ये हे तास जोडायला कुणाची आडकाठी असेल असे वाटत नाही.

हे तास एकट्या भाषाशिक्षकावर सोडू नका. एक अनुभवी परिचारिका आणि एक भाषाशिक्षक, दोघांनी मिळून शिकवावे. निवृत्त सिस्टर मुंबईत भरपूर आहेत. परदेशी काम करून परत आलेल्याही आहेत. त्यांना मानधन द्या आणि आवारात येऊ द्या.

नोकरीत असलेल्या परिचारिकांना ड्युटीच्या वेळेत धरून शिकता आले पाहिजे. सकाळपासून पायांवर उभी राहिलेली मुलगी साडेपाचला क्रियापदे लक्षात ठेवू शकत नाही. माझ्या वर्गात मुली झोपायच्या. मी त्यांना झोपू द्यायचे.

गरीब घरच्या मुलींची पहिल्या परीक्षेची फी राज्याने भरावी. जर्मनसाठी जे धोरण आहे ते इंग्रजीला लावा. आणि जर्मनच्या वर्गांतही नुसती पाठ्यपुस्तके नकोत, तिकडच्या वॉर्डातली जर्मन शिकवा.

‘भाषा प्रशिक्षण’ म्हणून नोकरीच्या एजंटांनी घेतलेली रक्कम सेवाशुल्काच्या मर्यादेत मोजली जावी, आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्याविरुद्ध मुलीला तक्रार करता यावी म्हणून मुंबईत मराठीत बोलणारी एक खिडकी असावी. नियम केंद्राचा आहे, पण राज्याने मागणी करायला काय हरकत आहे?

गेलेल्या मुलींची नोंद ठेवा. वर्षातून एकदा त्यांना विचारा, की कुठल्या वाक्यापाशी अडलात? त्यांची उत्तरे हेच पुढच्या बॅचचे पुस्तक होईल. मी अकरा वर्षे हेच केले.

आणि बंद झालेला वर्ग पुन्हा सुरू करा. तो मीच घ्यावा असा माझा हट्ट नाही. दुसरी कुणी घेणार असेल तर माझ्या वह्या, फळ्यावरच्या वाक्यांच्या याद्या, मुलींनी तिकडून पाठवलेले शब्द, सगळे तिच्या हवाली करीन. चेचीची ती छोटी वही निवृत्त होऊन गावी जाताना तिने मला दिली. तिचीही झेरॉक्स देईन. मूळ वही मात्र माझ्यापाशी राहील.

१९ पैकी सात मुली सध्या रविवारी दुपारी चार वाजता माझ्या घरी येतात. दोन खोल्यांचे घर आहे, चाळीत तिसऱ्या मजल्यावर. त्या गॅलरीत पाठीला पाठ लावून बसतात आणि एकमेकींना डोस सांगतात. शेजारच्या काकू त्यांना चहा देतात. तुमच्यापैकी कुणालाही यायचे असेल तर आगाऊ कळवायची गरज नाही. एक रविवार येऊन बसा आणि ऐका. मग अभ्यासक्रमाबाहेरचे काय आणि आतले काय, ते ठरवा.

आपली,
एक निवृत्त सिस्टर ट्यूटर
परळ, मुंबई